कोपऱ्यातला गडी

१

आसनवाडीच्या हुतुतूच्या संघात सात गडी खेळायचे आणि आठवा हैबती. तो रेघेच्या बाहेर बसून खेळायचा, एवढाच काय तो फरक. खेळायच्या वयात आईबाप पाठोपाठ गेले, हातात नांगर आला आणि कडेवर धाकटा भाऊ. मातीत लोळायला त्याला कोण सोडणार होतं? मग त्यानं सगळा खेळ गळ्यात साठवला. त्याची आरोळी काळ नदीच्या या काठावरून त्या काठाला जायची. बिरवाडीच्या बाजारात म्हशी बुजल्या की लोक म्हणायचे, हैबती आला वाटतं.

पण नुसते आरडाओरडा करणारे काय, गावोगाव पैशाला पासरी मिळतात. हैबतीची गोष्ट वेगळी होती. गडी बाद झाला की पंचाच्या आधी तो "मेला रे मेला!" म्हणून ओरडायचा, आणि गडी समोरच्यांचा असो की आपला, त्याला फरक पडायचा नाही. डोळ्यांना दिसलं ते जिभेवर आलंच. त्यापायी आपल्याच पोरांच्या शिव्या त्यानं पोटभर खाल्ल्या होत्या. त्याचा जोडीदार कुशाबा दर सामन्याला शेजारी बसून तंबाखू मळायचा आणि म्हणायचा, "हैबत्या, तुझी जीभ आपल्या बापाची पण नाय व्हायची!"

हैबती हसून म्हणायचा, "खेळात मेला म्हंजे काय खरा मेला? घटकाभरानं उठतोय की."

आता हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हुतुतूत गडी मरतो आणि उठतो. मेला की रेघेबाहेर जाऊन बसायचं. आपल्यातल्या कुणी समोरचा एक मारला की आपला एक उठतो आणि पुन्हा खेळायला येतो. एक बसतो, एक उठतो, असा तो हिशेब.

अठ्ठावन्न साली शिमगा झाल्यावर दाभेसड्याचं बोलावणं आलं. पोलादपूरवरून कुडपणच्या अंगानं चढत गेलं की त्याच्याही पुढं डोंगराच्या खांद्यावर हा कातळाचा सडा आहे आणि त्यावर पाचपंचवीस घरं. बिरवाडीचा संघ तिकडं जात नसे, पोलादपूरवाले तर नावही काढत नसत. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, चढ फार आहे हो.

"चढाला भिणारे कसले गडी?" हैबती म्हणाला. "फाटली म्हणा की सरळ!"

धाकटा भाऊ मोरू गिरणीतून रजा घेऊन आला होता. वैशाखात त्याचं लग्न ठरलं होतं. पोरगी पसंत, सुपारी फुटलेली. हैबतीनं स्वतः लग्न केलं नव्हतं, सगळी हौस या एका पोरावर. मोरू चढाईला गेला की हैबतीची छाती अशी फुगायची की बंडीचे बंद तुटतील.

"जायचं का रे?" त्यानं विचारलं.

"फिकर मत करो, दादा," मोरू मुंबईच्या तोऱ्यात म्हणाला. "दाभेसडा काय नि भोईवाडा काय, मातीच हाय ना?"

२

महाडहून एसटीनं पोलादपूर, तिथं चहा, आणि मग पायी. चढ खरंच फार होता, त्यात खोटं काही नव्हतं. उन्हं कलायच्या बेतात ही मंडळी सड्यावर पोचली तेव्हा सगळ्यांच्या जिभा बाहेर आल्या होत्या.

परगावच्या मैदानात पाय टाकताना काय होतं हे हैबतीला चांगलं माहीत होतं. पोरं शिट्या मारतात, बायका पदराआड फिदीफिदी हसतात, कुणीतरी तुमच्या आईचा उद्धार करतं. एका गावी तर त्याच्या पाठीत शेणाचा गोळा बसला होता आणि त्यानं मान वळवून, "नेम चांगला हाय रे!" म्हणून शाबासकी दिली होती. त्यातच तर मजा. शिव्या मिळाल्या नाहीत तर परगावी गेल्यासारखं वाटतंच कुठं?

दाभेसड्यावर कुणी शिवी दिली नाही. सगळं गाव मैदानाभोवती आधीच येऊन बसलं होतं. बायाबापड्या, म्हातारे, तान्ही पोरं सुद्धा, सगळे गप्प. एका बाईनं पुढं होऊन गुळाचा खडा नि पाण्याचा तांब्या दिला. पन्नाशीची असेल. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं गड्यांकडं बघितलंच नाही. विचारलं, "तुमच्यात खरं बोलणारा कोण?"

कुशाबा फिस्कन हसला. "हा काय, हैबती. याच्यापायी आमी चार सामने हरलो हाव."

बाई हैबतीकडं बघत राहिली. "बरं झालं आलास, बाबा," ती म्हणाली. "मी राहीबाई. हितं बस." आणि अगदी मधल्या रेघेला लागून एक घोंगडी अंथरलेली होती तिकडं तिनं बोट दाखवलं. पाहुण्याला एवढा मान! हैबती खूष झाला. बसताना सहज म्हणाला, "त्यो उंच पोरगा माझा भाव. वैशाखात लगीन हाय."

राहीबाईच्या हातातला तांब्या हलला आणि थोडं पाणी सांडलं. ती निघून गेली.

मग पंच आला. मालोजी नाव, पांढऱ्या मिशा, बोलणं मऊ. म्हणाला, "आमच्याकडं एक रीत हाय, पावणं. आमच्या गड्याचा निवाडा मी करीन, तुमच्या गड्याचा तुमच्याच माणसानं करायचा. त्यानं सांगितलं ते खरं. म्हंजे मंग भांडण नाय."

"वा!" हैबती म्हणाला. "असा न्याय आमच्या खालच्या लोकांना शिकवा जरा."

कुशाबानं मात्र कोपर मारलं. हळूच म्हणाला, "हैबत्या, दुसऱ्याच्या मैदानात न्याय मिळतोय. मला काय हे लक्षण बरं वाटत नाय."

३

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच चढाईला मोरूनं त्यांचा एक गडी टिपला. हैबती उसळला. "मेला रे मेला!"

सगळं मैदान एकदम मागं सरकलं. बसल्या जागी, अंगावर उकळतं पाणी पडावं तसं. एका बाईनं मांडीवरच्या पोराचे कान दाबून धरले. मालोजी धावत आला. रागावला नव्हता, घाबरला होता, आणि ते हैबतीला जास्त लागलं.

"आमच्या पोरांना तसं म्हणू नका, पावणं. आमच्याकडं 'बसला' म्हणतात. बसला. म्हणा."

"बसला," हैबती म्हणाला. लाज वाटली त्याला. प्रत्येक गावाची आपली रीत असते; कुठं सापाचं नाव घेत नाहीत, कुठं कुंकू सांडलं म्हणत नाहीत. "आणि आमचा बाद झाला तर?"

मालोजी जमिनीकडं बघत म्हणाला, "तुमचं तुमी तुमच्या रीतीनं म्हणा."

पुढं खेळ रंगला. म्हणजे रंगायला हवा होता. आसनवाडीची पोरं गुणामागं गुण घेत होती. दाभेसड्याचा सगळा संघ बसला, लोण चढला आणि नियमाप्रमाणं ते सगळे पुन्हा उभे राहिले. त्यांचे चढाईवाले यायचे, हात न लावताच परत जायचे, जसं काही जिंकायचं कुणाला आहे. हैबती नि कुशाबा घसा फोडून ओरडत होते; पण त्या दोन गळ्यांचं ओरडणं सड्यावर असं पातळ व्हायचं की हैबतीला स्वतःचाच आवाज ओळखू येईना. बाकी सगळं गाव चिडीचूप. आणि मग त्याच्या ध्यानात आलं. आपला गडी दम घेऊन चढाईला निघाला की गावही दम घेत होतं. शंभरभर छात्या एकदम वर यायच्या, आणि गडी परत येईपर्यंत कुणी श्वास सोडायचं नाही. मांडीवरची पोरं सुद्धा. मैदानात एकच आवाज, हुतुतूतूतूतू, आणि चहूबाजूंनी ती मिटलेली तोंडं.

हैबतीच्या काखेत घाम फुटला. त्यानं मनाला समजावलं, अरे, भक्तीनं बघतात बिचारे. डोंगरातली माणसं, वर्षाला एक सामना यांच्या नशिबी. आपण पण दम धरतोच की.

"हैबत्या," कुशाबा म्हणाला, "ते सहाच खेळतायत."

"सहा कसे? एक बसला असंल."

"पहिल्यापासनं सहा. मी मोजलं. आणि त्यांची साखळी बघ."

चढाईवाला आला की हुतुतूत बचावाचे गडी एकमेकांचे हात धरून साखळी करतात. दाभेसड्याचे सहाही गडी हात धरून उभे होते. कोपऱ्याला मात्र एक जागा मोकळी होती. आणि त्या जागेशेजारच्या गड्यानं आपला मोकळा हात तिकडं लांब करून मूठ वळली होती. घट्ट. बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. साखळी पुढं आली की तो त्या मुठीनं कुणालातरी बरोबर ओढायचा, मागं गेली की सांभाळून मागं न्यायचा.

हैबती बघत राहिला. आता याला काय म्हणायचं? सवय असेल. सातवा गडी आजारी असेल. पण मुठीत काही नाही आणि मूठ अशी कशी दिसते, हे काही त्याच्या बुद्धीत शिरेना.

४

मोरू चढाईला निघाला तेव्हा सूर्य त्याच्या पाठीशी होता. पुढं पन्नास वेळा हैबतीनं ही चढाई डोळ्यापुढं आणली आणि पन्नास वेळा ती तशीच दिसली. मोरूनं दम घेतला, गावानं दम घेतला. तो हसत होता. आत शिरला, डावीकडं हूल दिली आणि पोराच्या खोडसाळपणानं सरळ त्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर पाय टाकला.

पाय तिथंच राहिला.

मोरू तोंडावर आपटला. हैबती घोंगडीवरून उठून उभा राहिला. सहाही गडी लांब होते, एकानंही त्याला हात लावला नव्हता. तरी मोरू पाय सोडवत होता, दातओठ खात, हुतुतू हुतुतू म्हणत, आणि पालथा सरपटत मधल्या रेघेकडं येत होता. पाय मागं ताठ ओढलेला.

दगडात अडकला, हैबती मनात म्हणाला. खाचेत अडकला. कातळच आहे इथं.

"ये! ये! ये रे माझ्या वाघा!" तो ओरडत होता. मोरूचं बोट रेघेपासून वीतभर राहिलं, मग चार बोटं, मग एक. फक्कीच्या पांढऱ्या रेघेला नख लागणार, लागलं. पण लागण्याच्या आधी, पापणी लवते न लवते तेवढं आधी, त्याचा दम तुटला होता. 'हु' आला होता आणि 'तू' आला नव्हता. रेघेशी हैबती नसता तर देवाला सुद्धा कळलं नसतं.

मालोजीनं शिट्टी वाजवली नाही. तो हैबतीकडं बघत होता. गडी, बाया, तान्ही पोरं, सगळं गाव श्वास धरून हैबतीकडं बघत होतं. राहीबाई उभी राहिली होती. कुशाबानं त्याचं मनगट पकडलं. "गप, हैबत्या. लागला हात म्हण. एकदा खोटं बोल."

पण जन्माची खोड ती. तोपर्यंत शब्द ओठातून निघून गेला होता, पूर्ण गळ्यानं, या डोंगरावरून त्या डोंगरावर जाईल असा.

"मेला रे मेला!"

गावानं श्वास सोडला. तो आवाज हैबतीनं त्याआधी कधी ऐकला नव्हता. फक्की उडाली त्यानं.

मोरू उठला, गुडघे झटकले, भावाला डोळा मारला आणि रेघेबाहेर जाऊन बसला. मालोजीनं हात वर केला. 

"आमचा उठला," तो म्हणाला.

कोपऱ्याशेजारच्या गड्यानं मूठ सोडली. आणि राहीबाईनं असा हंबरडा फोडला की हैबतीला वाटलं कुणी गेलं. पण ती रडत नव्हती. "आला! आला गो माझा! महिपत आला!" असं म्हणत ती उघड्या डोक्यानं मैदानात धावत सुटली. तिच्यामागं सगळं गाव. बघता बघता कोपऱ्यात माणसांचं एवढं मोठं कोंडाळं झालं की आत काय आहे ते दिसेना. फक्त हात दिसत होते. आत जाणारे, कुणाला तरी चाचपणारे, कुरवाळणारे हात.

५

मालोजीनं नारळ आणून आसनवाडीच्या गड्यांपुढं ठेवला. "तुमी जिंकलात, पावणं. खेळ संपला."

"एवढ्यात?" कुशाबा म्हणाला. पण पोरं हरखली. कोण नको म्हणतंय? धोतरं झटकून कपडे घालायला लागली.

हैबती मोरूजवळ गेला. "चल, ऊठ. उजेड हाय तवर कुडपण गाठू."

मोरू मांडी घालून बसला होता, हात गुडघ्यांवर. तोंडावर हसू तसंच. "कसा उठू, दादा?" तो म्हणाला. "मी मेलोय ना."

"गप रे, फाजील. खेळ संपला."

"पण मला कुणी उठवलं नाय."

थट्टा करण्याची ही काय वेळ? हैबतीनं चिडून त्याच्या काखेत हात घातला आणि ओढलं. मोरू हलला नाही. वजनाचं काही नव्हतं. गोण्या वाहणारी पाठ हैबतीची. पण जमिनीत रोवलेला खुंटा कसा, तसा तो बसला होता. कुशाबा आला, मग चौघं गडी आले. ओढून ओढून त्यांच्या माना लाल झाल्या. मोरू नम्रपणे सगळ्यांकडं बघत होता, जसं काही लोकांना आपल्यापायी त्रास होतोय.

तेव्हा हैबतीनं त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती. नाकापुढं तळहात धरला. वारा नाही. डोळे उघडे, हसू तसंच, पोरगं भावाकडं बघतंय, आणि श्वास नाही.

हैबतीच्या तोंडातून आवाजच निघेना. एवढा मोठा गळा, आणि त्यातून कुत्र्याच्या पिल्लासारखं काहीतरी बारीक यायला लागलं. "आरं... आरं मोरू... आरं..."

मालोजी मागं येऊन उभा होता. "त्याला ओढू नका," तो म्हणाला. "दुखतं त्यांना. ऱ्हाऊ द्या हितंच. गाव जपतं, सांजसकाळ दिवा लावतं. आमचा पण असाच बसून ऱ्हायला व्हता."

"काय बोलतोस तू?"

"घरी सांगा, कड्यावरनं पडला. आमी पण तसंच सांगितलं व्हतं."

 गडी एकमेकांकडं बघायला लागले, आणि त्यातले दोघे तर नारळ टाकून उताराला लागले सुद्धा. हैबतीला राग आला नाही. त्याला काहीच आलं नाही.  त्याची बुद्धी अजून कारणं शोधत होती, झटका असेल, बाहेरचं काही खाण्यात आलं असेल, महाडच्या डॉक्टरला दाखवू. आणि त्याच वेळी दुसरं एक मन शांतपणे म्हणत होतं, खेळच आहे ना हा? मग खेळात उठतात कसे?

एक बसतो, एक उठतो.

६

मालोजीला विचारत बसला असता तर काही झालं नसतं. हैबतीनं विचारलं नाही. डोक्याचं मुंडासं काढून फेकलं, कासोटा खोचला आणि मधल्या रेघेवर येऊन उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा, वयाच्या चाळिशीत, तो रेघेच्या आत होता.

त्यानं दम घेतला. ओरडून ओरडून कमावलेली छाती ती; किती आत गेला त्याचं त्यालाच कळलं नाही.

"हुतुतूतूतूतूतू..."

कोंडाळ्यातली एक मान वळली. मग सगळ्याच. "खेळ संपला!" मालोजी ओरडला, "पावणं, खेळ संपला!" हैबती थांबला नाही. दाभेसड्याचे सहा गडी कोंडाळ्यातून बाहेर पडून साखळी करून उभे राहिले, आणि आता ते हात न लावता परत जाणारे गडी राहिले नव्हते. पहिल्या धक्क्याला हैबती खाली आला. कुणी कंबरेवर बसलं, कुणी मान दाबली. तोंडात माती गेली. हुतुतूतूतू. तो मातीतून म्हणत राहिला आणि कोपरांवर पुढं सरकत राहिला.

आणि मग ते सबंध मुकं गाव ओरडायला लागलं. "तुटला! दम तुटला! तुटला रे तुटला!" बाया, म्हातारे, पोरं, सगळी एका सुरात, अगदी त्याच्या कानाशी तोंड आणून. हैबतीनं आयुष्यभर दुसऱ्यांवर टाकलेला आवाज आता त्याच्यावर पडत होता, आणि क्षणभर त्याला खरंच वाटलं की तुटला. आपण गप्प झालो आहोत. पण गळा चालू होता.

माणसांच्या पायांचं रान होतं समोर. सगळे पाय तांबड्या मातीनं माखलेले, भेगा पडलेले. त्यांच्यामध्ये राहीबाई बसलेली, दोन्ही हात कुणाच्या तरी कंबरेभोवती. आणि तिच्या गुडघ्याशी एक पाय. तेवढा एकच पाय स्वच्छ होता. आत्ताच धुतल्यासारखा, तरण्या पोराचा. वर काय होतं ते हैबतीनं बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही त्याची. उजवा हात लांब केला आणि घोटा पकडला.

घोटा ऊन होता आणि थरथरत होता.

तो कसा मागं आला, त्याला आठवत नाही. सहा गडी अंगावर घेऊन, सरपटत, नखं मोडत. शेवटी फक्की बोटांना लागली आणि मगच त्यानं दम सोडला. मग पालथा पडूनच त्यानं मान वर करून मालोजीला शोधलं.

"तुमच्या गड्याचा निवाडा तुमी करता ना?" त्याला धाप लागली होती. "करा. खरं सांगा."

गाव गप्प झालं.  कोपऱ्यातून राहीबाईचा आवाज आला, अगदी हळू, घरातल्या घरात बोलावं तसा. "आवो... नका म्हणू. तुमच्या पाया पडते. नका म्हणू."

'आवो' कुणाला म्हणतात ते काय सांगायला हवं?  हा पंच त्या बाईचा नवरा होता.

 मालोजीच्या पांढऱ्या मिशा ओल्या झाल्या. मग त्यानं हात वर केला, रीतीप्रमाणं, आणि म्हणाला, "बसला."

मागं मोरूला जोराचा ठसका लागला. तो खोकत, थुंकत, शिव्या देत उठून उभा राहिला. "दादा! च्यायला, पायाला मुंग्या आल्या. तू काय करतोस मातीत?"

कोपऱ्यात राहीबाई तशीच बसली होती, दोन्ही हातांचा वेढा करून. वेढ्यात काही नव्हतं. माणसं मुकाट्यानं एकेक करून उठून घराकडं चालली होती.

७

ते धावत सुटले. कुशाबा मोरूला धरून पुढं, हैबती मागं. मोरू सारखा विचारत होता, काय झालं, असे का पळता, जिंकलो ना आपण?  उन्हं डोंगराआड जायला लागली होती. सड्याच्या काठावर, जिथून उतार सुरू होतो तिथं, हैबतीला मागून हाक आली.

"ए बाबा. ए खरं बोलणाऱ्या."

राहीबाई एकटीच होती. अनवाणी, डोक्यावर पदर नाही. हैबतीला वाटलं, आता शाप देईल, दगड घालील डोक्यात. घालू दे. तो थांबला. त्याचे पायच वळले नाहीत.

ती जवळ आली. रडत नव्हती. "तुझा भाव उठला?"

"उठला गो आये."

"बरं झालं. लगीन हाय त्याचं."  "मला एकच सांग. तू खरं बोलतोस म्हणतात, म्हणून आले. मला बाई काय कळलंच नाय. येवढी माणसं, येवढे हात. मी त्याला धरलं व्हतं, पर कपड्यावरनं. अंगाला हात लावायला मला घावलंच नाय. तू लावलास."

 ती काय विचारणार ते हैबतीला कळलं, आणि त्याला वाटलं की धरणी पोटात घेईल तर बरं.

"कसा व्हता?" राहीबाईनं विचारलं. "गार व्हता का? गार असंल तर मंग माझा नव्हताच त्यो. मंग मी उगाच... गार व्हता ना?"

उतारावरून मोरू हाका मारत होता, दादा, चल ना. हैबतीनं त्या बाईच्या तोंडाकडं बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा हाताला कळलं होतं त्याच्याविरुद्ध जीभ वळवली.

"गार व्हता गो आये," तो म्हणाला. "दगडासारखा गार व्हता."

 राहीबाईनं त्याचा उजवा हात, मातीनं भरलेला, नखं मोडलेला, आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग तो हळूच उचलून आपल्या गालाला लावला आणि डोळे मिटून तशीच उभी राहिली. हैबतीनं हात सोडवून घेतला नाही.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "ऊन हाय रे अजून."